गाजर गवत हटवायचं असेल तर तरोटा पेरा

गाजर गवत पेटवा, मीठ मारा, हे सल्ले ऐकून आता वीट आलाय. मीठ तर बांधाच्या मातीलाच खातं. मी बांधावर तरोटा पेरतो. कोकणात यालाच टाकळा म्हणतात, पावसाळ्यात कोवळ्या पाल्याची भाजी होते तोच.

1955 च्या सुमारास पुण्यात आढळलेलं हे गाजर गवत नुसती जागा अडवत नाही. त्याच्या मुळांतून आणि कुजणाऱ्या पाल्यातून पार्थेनिन नावाचं विषारी रसायन मातीत उतरतं, त्यामुळे शेजारच्या पिकाची उगवण आणि मुळं खुंटतात. तरोट्याच्या पाल्यातले अर्क गवताच्या बियांची उगवण दाबतात, शिवाय त्याची दाट वाढ ऊन अडवते. विषाला विषाने उत्तर.

दिवाळीनंतर शेंगा वाळल्या की बी झोडून डब्यात ठेवा.

आता पेरणी. माझी पहिली दोन वर्षं इथेच वाया गेली. पहिल्या वर्षी जुलैत, गवत गुडघाभर झाल्यावर बी फेकलं. तरोटा उगवला, पण गवताच्या सावलीत वीतभरच राहिला. तरोटा गवताच्या आधी किंवा सोबत उगवायला हवा, म्हणजे बी मेअखेरीस जमिनीवर पडलेलं हवं. कुणी "पावसाचा अंदाज बघून टाका" म्हणालं तर ऐकू नका.

दुसऱ्या वर्षी वेळ साधली, पण बरंचसं बी वेळेत उगवलंच नाही. तरोट्याचं कवच फार टणक असतं, रात्रभर भिजवूनही पाणी आत जात नाही. जाडसर वाळूत मिसळून गोणपाटावर रगडा, चकाकी गेली की पुरे. मात्र अर्धंच बी रगडा. रगडलेलं सगळं बी वळवाच्या सरीने उगवतं आणि पुढच्या उन्हात करपू शकतं. न रगडलेलं मागून, पाऊस धरल्यावर येतं.

बी विस्कटून दाताळ्याने वरची माती हलवा, खोल गाडू नका.

पाऊस सुरू झाल्यावर पंधरा दिवसांनी एकदा गवताची रोपं उपटा, फुलं येण्याआधीच. हातमोजे आणि पूर्ण बाह्या घालाच. या गवताने अंगावर उठलेली खाज वर्षानुवर्षं पुन्हा पुन्हा येते, हे मी घरच्यांच्या अंगावर पाहिलंय.

हिवाळ्यात तरोटा वाळतो आणि ओलीवर गवत परत डोकं काढतं, तेव्हा पुन्हा उपटा. शेताकडच्या कडेचा तरोटा मात्र शेंगा पिकण्याआधी कापून घ्या. पिकात शिरला तर तोही तणच.