बॅटची ग्रिप जाड की बारीक? या चुका टाळा

"भाऊ, बॅट हातमा फिरी ऱ्हायनी!" जळगावचं सागर पार्क असो, भुसावळचं रेल्वे ग्राउंड असो की धुळ्याचं गरुड मैदान, ही तक्रार कुठेही ऐकू येते. मग सल्ले सुरू होतात. एक जण म्हणतो स्टान्स, म्हणजे उभं राहण्याची पद्धत, बदल, दुसरा म्हणतो बॅटच जड आहे, तिसरा नव्या इंग्लिश विलोच्या, म्हणजे महागड्या लाकडाच्या बॅटची किंमत सांगतो. दांड्यावरच्या रबराकडे मात्र कुणी बघत नाही. शे-दोनशे रुपयांची ती ग्रिप हाताच्या मापाची नसेल, तर हजारोंची बॅटही परकी वाटते. दोष मनगटात नसतानाही फलंदाज स्वतःच्या खेळावर शंका घेऊ लागतो आणि एकदा शंका आली की पाय हलत नाहीत.

दांडा वेताच्या पट्ट्यांचा असतो. पट्ट्यांच्या मध्ये रबराचे पातळ थर, वरून घट्ट दोरा आणि त्यावर आपली ग्रिप. एका ग्रिपचं रबर मिलिमीटर-दीड मिलिमीटर जाड धरलं, तरी ते दोन्ही बाजूंनी येतं, म्हणजे दांड्याची जाडी दोन-तीन मिलिमीटरनं वाढते. कागदावर हा आकडा किरकोळ वाटेल, पण बोटांना तो लगेच कळतो. ज्यांनी शेतात काम केलंय त्यांना हे वेगळं सांगायला नको: कुऱ्हाडीचा दांडा हाताला जाड पडला की दिवसभरात पंजा आखडतो, बारीक पडला की घाव तिरका बसतो.

दुकानात मोकळ्या हातानं माप घेणं

सगळ्यात जास्त होणारी चूक हीच. दुकानात बॅट उचलायची, दोन-तीनदा हवेत फिरवायची, "मस्त बसली हातात" म्हणायचं आणि घरी यायचं. पण लेदर बॉलवर खेळताना हातात ग्लोव्ह असतात, काहींच्या आत सुती इनरही असतात. तळव्याकडचं चामडं आणि इनर यांची जाडी दांड्याच्या जाडीत मिळते. त्यामुळे मोकळ्या हाताला नेमकी वाटलेली ग्रिप ग्लोव्ह घातल्यावर जाड पडते. ग्रिप बघायला जाताना आपले रोजचे ग्लोव्ह सोबत न्या. दुकानदार हसला तर हसू द्या.

तपासायचं कसं? ग्लोव्ह घाला, फक्त वरच्या हातानं, म्हणजे उजव्या फलंदाजानं डाव्या हातानं, बॅट धरा आणि स्टान्स घ्या. पकड हलकी ठेवा, बॅट पडणार नाही इतकीच. आता शेजारच्याला तुमचा कोपराखालचा हात दाबून बघायला सांगा. स्नायू मऊ लागला तर ग्रिपचं माप बहुतेक जुळलंय. तो दगडासारखा घट्ट लागला, तर बॅट सांभाळण्यासाठी हाताला जोर करावा लागतोय. मग त्यानं बॅटचं टोक बोटानं हळूच एका बाजूला ढकलावं. पकड हलकी असूनही बॅटचं तोंड, म्हणजे चेंडू मारायची सपाट बाजू, जागेवर राहिलं पाहिजे. गर्रकन फिरलं, तर दांडा बारीक आहे किंवा त्याचा आकार हरवलाय. आकाराचं पुढे सविस्तर सांगतो.

मोकळ्या हातानं टेनिस बॉल खेळणाऱ्यांसाठी आणखी सोपी खूण आहे. बोटांची टोकं अंगठ्याखालच्या मांसल भागात रुतत असतील तर दांडा बारीक. टोकं आणि तो भाग यांत बोटभराहून जास्त फट राहत असेल तर जाड. टोकं जेमतेम टेकतात किंवा किंचित दूर राहतात, ते माप बहुतेकांना सोसतं.

मोठा फटका हवा म्हणून दोन-दोन ग्रिप चढवणं

गावोगावच्या टेनिस बॉल स्पर्धांत ही सवय पसरली आहे. तिथे ती चुकीचीच आहे असं म्हणणार नाही. ग्लोव्ह नसतात, त्यामुळे हाताला भराव लागतो, आणि जाड दांड्यावर झटका कमी जाणवतो. दांड्याकडे वजन वाढलं की बॅटचा तोल थोडा वर सरकतो. म्हणून एकूण वजनात ५० ग्रॅमच्या आसपास भर पडूनही बॅट उचलायला हलकी वाटते. वेस्ट इंडीजचा क्लाइव्ह लॉइड जड बॅटवर एकावर एक अनेक ग्रिप चढवायचा आणि १९७५च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात त्यानं लॉर्ड्सवर १०२ धावा केल्या. पण लॉइड सहा फुटांहून बराच उंच होता आणि त्याचा पंजाही तसाच होता. त्याच्या मापाचा दांडा साडेपाच फुटी पोराच्या हातात दिला तर मनगटं बांधली जातात.

मनगट बांधलं गेलं की मनगटाचे फटके जातात: आधी फ्लिक, मग लेट कट, मग ग्लान्स. मॅटिंगवर, म्हणजे चटई अंथरलेल्या खेळपट्टीवर, चेंडू अचानक उठतो तेव्हा हात सैल सोडून तो पायाशी पाडायचा असतो. जाड दांड्यावर बोटं सैल सोडणं अवघड, म्हणून चेंडू बॅटला लागून उडतो आणि फलंदाजाजवळच उभ्या शॉर्ट लेगच्या हातात जातो. रविवारी टेनिस आणि एरवी लेदर खेळत असाल, तर एकाच बॅटवर दोन्ही भागवू नका. दोन्ही बॅटींच्या ग्रिप वेगळ्या ठेवा.

अंडाकृती दांडा गोल करून टाकणं

याकडे सगळ्यात कमी लक्ष जातं, आणि "बॅट हातमा फिरस" या तक्रारीचं मूळ पुष्कळदा इथेच असतं. बॅटचे दांडे गोल, अंडाकृती किंवा वर गोल आणि खाली अंडाकृती असे मिळतात. अंडाकृती दांड्याचा फायदा असा की बॅटचं तोंड कुठे आहे हे न बघताही बोटांना कळतं. त्यावर दोन किंवा तीन ग्रिप चढवल्या की कडा बुजतात आणि दांडा गोल लागायला लागतो. मग बॅट फिरते म्हणून तिसरी ग्रिप चढते, आणि ती जास्तच फिरते.

जाडी वाढवायची असेल तर आधी जुनी ग्रिप काढून दांडा डोळ्यांनी बघा. अंडाकृती असेल तर दुसरी पूर्ण ग्रिप टाळा. पातळ ग्रिप मधोमध कापून अर्धा तुकडा फक्त वरच्या हाताच्या जागी चढवा आणि त्यावर नेहमीची ग्रिप घाला. वरच्या हाताला भराव मिळतो, खालच्या हाताखाली दांड्याचा आकार शाबूत राहतो. माझ्या मते आपल्याकडच्या मध्यम पंजाच्या फलंदाजांसाठी हा सगळ्यात चांगला मार्ग आहे, आणि तो सगळ्यात कमी वापरला जातो.

बारीक दांडा आवळून धरणं

दांडा बारीक असेल तर हात आपोआप तो आवळतो. त्यातही आवळतो खालचा हात. त्यानं जोर केला की बॅट सरळ यायच्या ऐवजी आडवी येते आणि समोर ड्राइव्ह मारायला गेलेला चेंडू पायाच्या बाजूला मिडविकेटकडे हवेत जातो. प्रशिक्षक ओरडतात, "खालचा हात सैल सोड!" पोरगा दोन चेंडू सोडतो आणि तिसऱ्याला पुन्हा आवळतो, कारण सैल सोडला तर बॅट निसटेल अशी त्याला भीती असते. दांडा हाताच्या मापाचा होईपर्यंत ती भीती खरीच असते. म्हणून नुसतं ओरडून उपयोग नाही, आधी दांडा बघा.

याचं मोठं उदाहरण म्हणजे ऑस्ट्रेलियाचा ॲडम गिलख्रिस्ट. २८ एप्रिल २००७ ला ब्रिजटाउनमध्ये श्रीलंकेविरुद्धच्या विश्वचषक अंतिम सामन्यात त्यानं १०४ चेंडूंत १४९ धावा केल्या. तो डावखुरा, म्हणजे त्याचा खालचा हात डावा. त्या डाव्या ग्लोव्हमध्ये त्यानं स्क्वॉशचा चेंडू घातला होता. तळव्यात तो असल्यामुळे बोटांना दांडा गच्च आवळता येत नव्हता, पकड अंगठा आणि तर्जनीच्या बेचक्यात राहत होती आणि बॅट सरळ येत होती. ही युक्ती त्याचे पर्थमधले प्रशिक्षक बॉब म्यूलमन यांची. नियमात ती बसते का यावर नंतर बराच वाद झाला, पण तिला नियमबाह्य ठरवलं गेलं नाही. तुम्ही लगेच ग्लोव्हमध्ये चेंडू घाला असं नाही. पण जगातल्या एवढ्या मोठ्या फलंदाजालाही खालच्या हाताचा जोर कमी करायला तळव्यात भराव लागला, हे लक्षात ठेवा. आपल्याला तेच काम किंचित जाड ग्रिपनं होतं का, हे आधी तपासायला हवं.

घामाचा इलाज जाडीत शोधणं

जळगाव-भुसावळात एप्रिल-मे म्हणजे पारा ४५च्या पुढे. स्पर्धाही नेमक्या तेव्हाच. घामानं हात निसटतो आणि खेळाडूला वाटतं ग्रिप बारीक आहे. इथे दोष मापाचा नसतो, पृष्ठभागाचा असतो. ग्रिपवरच्या रेघा किंवा खवले झिजून गुळगुळीत झाले असतील तर त्याच जाडीची नवी ग्रिप घाला. सुती इनर, कोरडा टॉवेल आणि ग्लोव्हची दुसरी जोडी जवळ असू द्या, षटकांच्या मध्ये ग्लोव्ह उन्हात उलटे ठेवा.

बॅट मात्र उन्हात ठेवू नका. पत्र्याच्या खोलीत, बंद गाडीत किंवा मैदानाच्या कडेला तापत पडलेल्या किटमध्ये रबर आधी चिकट होतं, मग कडक होऊन तडकतं. तेलाचंही तसंच. पात्याला जवसाचं तेल लावताना ते दांड्याकडे ओघळू देऊ नका, तेलानं रबर फुगतं आणि सैल होतं. ग्रिप मळली तर सौम्य साबणाच्या ओल्या फडक्यानं पुसा आणि सावलीत वाळवा.

बसवताना होणाऱ्या चुका

जुनी ग्रिप ब्लेडनं उभी कापताना खालचा दोरा कापला जातो, हे फार होतं. ब्लेड हलक्या हातानं, रबर बोटानं वर उचलून चालवा. ग्रिप निघाली की दोरा सैल झालाय का बघा. सैल असेल तर आधी तो चिकटवून घ्या, कारण सैल दोऱ्यावरची नवी ग्रिपही हातात हललेली जाणवते आणि दोष मापाला दिला जातो. दांडा वाकवल्यावर कटकट आवाज आला तर प्रश्न ग्रिपचा नाही, दांडा आणि पातं जोडणाऱ्या सांध्याचा आहे. मग बॅट कारागिराकडेच न्या.

ग्रिप चढवायला दुकानात लाकडी कोन असतो, त्यावर हे काम मिनिटाभरात होतं. चढवल्यावर रेघा सरळ आल्यात ना, कुठे पीळ पडला नाही ना, हे बोट फिरवून बघा. पीळ असला तर तिथे जाडी वाढते आणि नेमका तिथेच फोड येतो. खालची कड टेपनं बांधा. आणि सामन्याच्या आदल्या संध्याकाळी ग्रिप बदलू नका. नेटमध्ये दोन-चार वेळा खेळून हाताला सवय होऊ द्या.

पोरांच्या हातात मोठ्यांची बॅट

"वाढत्या अंगाचा आहे, दोन वर्षं चालेल" म्हणून बाप मोठ्या मापाची बॅट घेतो. पैशाचा विचार खरा आहे, पण लांबीबरोबर दांडाही जाड येतो, आणि लहान पंजाचं पोर तो धरायला दोन्ही हात एकमेकांपासून लांब ठेवतं. ती सवय पुढे मोडता मोडत नाही. लहान मापाच्या बॅटींचे दांडे मुळातच बारीक असतात, त्यावर एकच पातळ ग्रिप पुरे. मोठी बॅट घेऊनच झाली असेल, तर तिची जाड ग्रिप काढून मिळेल ती सगळ्यात पातळ ग्रिप चढवा. दर वर्षी पावसाळा संपून सराव सुरू होताना पोराच्या बोटांची टोकं दांड्याभोवती कुठे पोचतात, ते एकदा बघा आणि लागलं तरच ग्रिप बदला.