एकाच मशीनवर तीन वेबसाइट: अपाचीत व्हर्च्युअल होस्ट कसे लावावेत

नागपूरच्या महाल भागातल्या जुन्या वाड्यात तीन बिऱ्हाडं असतात आणि घर नंबर एकच. पोस्टमन पाकिटावरचं नाव वाचून ज्याचं त्याला देतो. नाव ओळखू आलं नाही तर पहिल्या दारात टाकून मोकळा होतो. अपाची, म्हणजे मागणी येईल तशी वेबसाइटची पानं पाठवणारा सर्व्हर प्रोग्राम, नेमकं हेच करतो. एकाच मशीनवरच्या प्रत्येक साइटच्या अशा वेगळ्या बिऱ्हाडाला व्हर्च्युअल होस्ट म्हणतात. ब्राउझर प्रत्येक मागणीसोबत ‘होस्ट’ या ओळीत साइटचं नाव पाठवतो, अपाची ते आपल्या यादीत शोधतो आणि सापडलं नाही तर यादीतली पहिली साइट दाखवतो. पुढे येणाऱ्या बहुतेक तक्रारी या शेवटच्या सवयीतून निघतात.

उदाहरणादाखल तीन गिऱ्हाइकं धरू: कळमना बाजारातला संत्र्याचा व्यापारी, सावजी खानावळ आणि धरमपेठेतले क्लासेस. पत्ते संत्रा.एक्झाम्पल, सावजी.एक्झाम्पल आणि क्लासेस.एक्झाम्पल. (हे शेपूट उदाहरणांसाठीच राखलेलं आहे, आपापलं डोमेन घालावं.) मशीनवर उबंटू २४.०४ ही लिनक्स प्रणाली आहे. आज्ञा आणि फाइलींची नावं इथे उच्चाराप्रमाणे दिली आहेत, टाइप करताना ती रोमन अक्षरांत करायची. अपाचीच्या सूचनांना लहान-मोठ्या लिपीचा फरक पडत नाही. फाइलींच्या नावांना पडतो, म्हणून ती सगळी लहान लिपीतच ठेवा.

मशीन कुठे ठेवायचं?

भाड्याचा व्हीपीएस (डेटा सेंटरमधल्या मोठ्या मशीनचा आपल्यापुरता तुकडा) घेणार असाल तर २ जीबी रॅम आणि मुंबईतलं डेटा सेंटर तीन साध्या साइटला पुरतं. सीताबर्डीच्या ऑफिसातला जुना पीसी वापरायचा असेल तर आधी राउटरच्या पानावर वॅन आयपी, म्हणजे इंटरनेटच्या बाजूचा पत्ता, बघा. तो १००.६४ ते १००.१२७ यांपैकी कशाने सुरू होत असेल तर इंटरनेट कंपनीने तुम्हाला अनेकांच्या सामायिक पत्त्यामागे ठेवलं आहे. पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरची मागणी राउटरने आतल्या मशीनकडे वळवणं) कितीही केलं तरी बाहेरून कोणी पोचणार नाही. स्टॅटिक, म्हणजे न बदलणारा स्वतःचा आयपी मागावाच लागेल. आणि मे महिन्यात पारा ४५ वर गेला की मशीन कूलरच्या झोतात ठेवायचा मोह होतो. तो टाळा, कूलरची हवा थंड असली तरी ओली असते.

नावं आयपीकडे वळवा

प्रत्येक डोमेनच्या डीएनएसमध्ये (नावावरून आयपी सांगणाऱ्या यादीत) दोन ए नोंदी, म्हणजे नावापुढे आयपी लिहिलेल्या ओळी, करा, एक नुसत्या नावाची आणि एक डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूची. तिन्ही डोमेनचा आयपी एकच. तिथे जुनी क्वाड-ए नोंद, म्हणजे आयपीव्ही६ची, पडून असेल तर काढून टाका. ती राहिली की काही लोकांना नवी साइट दिसते, काहींना डोमेन विकणाऱ्याचं जाहिरातीचं पान, आणि दोघंही आपलंच खरं सांगतात.

.भारतचं मराठी डोमेन असेल तर अपाचीला देवनागरी नाव देऊन भागत नाही. ब्राउझर आतून ‘एक्सएन’ने सुरू होणारं पुनीकोड, म्हणजे रोमन अक्षरांतलं, रूप पाठवतो, तेच फाइलीत लिहायचं.

फोल्डर आणि परवानग्या

/व्हार/डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू/ च्या आत प्रत्येक साइटचं फोल्डर आणि त्यात ‘पब्लिक’ नावाचं उपफोल्डर करा. फोल्डरांना ७५५, फाइलींना ६४४ ही परवानगी द्या, म्हणजे बदल फक्त मालक करेल, वाचतील सगळे. साइट स्वतःच्या होम फोल्डरात ठेवू नका: उबंटूत होम फोल्डर ७५० असतं (परक्याला प्रवेश नाही), अपाचीच्या वापरकर्त्याला आत शिरता येत नाही आणि ४०३, म्हणजे ‘परवानगी नाही’, येतो. मग माणूस वैतागून ७७७, म्हणजे सगळ्यांना सगळं करायची मुभा, देतो. तो उपाय नाही, दार सताड उघडं टाकणं आहे.

प्रत्येक साइटची फाइल

/ईटीसी/अपाची२/साइट्स-अव्हेलेबल/ मध्ये संत्रा.कॉन्फ ही फाइल करा:

<व्हर्च्युअलहोस्ट *:८०>
सर्व्हरनेम संत्रा.एक्झाम्पल
सर्व्हरअलियास डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू.संत्रा.एक्झाम्पल
डॉक्युमेंटरूट /व्हार/डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू/संत्रा/पब्लिक
एररलॉग /व्हार/लॉग/अपाची२/संत्रा-एरर.लॉग
कस्टमलॉग /व्हार/लॉग/अपाची२/संत्रा-अॅक्सेस.लॉग कम्बाइन्ड
</व्हर्च्युअलहोस्ट>

अलियासची ओळ विसरली की डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू लावून येणारा भलत्याच साइटवर जातो. लॉगच्या नावाचं शेपूट .लॉग आणि जागा हीच ठेवा. उबंटूची रोज लॉग फिरवून १४ जुन्या प्रती ठेवण्याची व्यवस्था इथल्याच .लॉग फाइली बघते. दुसरीकडे ठेवलेला लॉग डिस्क भरेपर्यंत वाढत राहतो.

फाइलीची नक्कल करून बाकी दोन तयार करा. नक्कल करताना सर्व्हरनेम बदललं आणि डॉक्युमेंटरूट तसाच राहिला, ही हमखास होणारी चूक. मग गिऱ्हाइकाचा फोन येतो: “भाऊ, माझ्या पत्त्यावर सावजीचा मेनू येऊन राहिला ना!”

आता चालू करा (सुडो म्हणजे पुढची आज्ञा प्रशासकाच्या अधिकाराने): सुडो ए२एनसाइट संत्रा, मग बाकीच्या दोन. नंतर सुडो अपाची२सीटीएल कॉन्फिगटेस्ट. ‘सिंटॅक्स ओके’ आलं तरच सुडो सिस्टिमसीटीएल रीलोड अपाची२. रीस्टार्ट नको, फाइलीत चूक असेल तर रीस्टार्टने तिन्ही साइट एकदम झोपतात. चाचणीत एएच००५५८ असा इशारा येईल, तो मशीनच्या स्वतःच्या नावाबद्दल आहे, निरुपद्रवी.

डीएनएस पोचायच्या आधी बघायचं असेल तर आपल्या लॅपटॉपच्या होस्ट्स फाइलीत सर्व्हरचा आयपी आणि त्यापुढे साइटचं नाव लिहा. काम झालं की ती ओळ आठवणीने काढा, नाहीतर सर्व्हर बदलल्यावरही तुम्हाला एकट्याला जुनीच साइट दिसत राहील.

पहिलं दार रिकामं ठेवा

अपाची फाइली नावाच्या रोमन वर्णक्रमाने वाचतो. आधीपासून असलेली ०००-डिफॉल्ट.कॉन्फ म्हणूनच सगळ्यात वर येते. ती बंद केली तर ‘सी’वरून क्लासेस पहिली होते आणि कोणी नुसता आयपी टाकला किंवा परकं डोमेन तुमच्याकडे वळवलं की क्लासेसचं पान उघडतं. तेव्हा ती फाइल राहू द्या, फक्त आत ‘रीडायरेक्ट ४०४ /’ (‘पान सापडलं नाही’ असं उत्तर) ही एक ओळ घाला.

कोणतं नाव कोणत्या फाइलीत जातंय हे अंदाजाने शोधू नका. सुडो अपाची२सीटीएल -एस (हा एस मोठ्या लिपीतला) पूर्ण यादी छापतो: पोर्ट, डिफॉल्ट साइट, प्रत्येक नाव आणि त्याची फाइल, ओळ क्रमांकासकट. साइट यादीतच नसेल तर ए२एनसाइट राहिलं आहे किंवा फाइलीला .कॉन्फ हे शेपूट नाही.

एचटीटीपीएस

एचटीटीपीएसला साइटची ओळख पटवणारं प्रमाणपत्र लागतं. ते लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेकडून आणणारा प्रोग्राम म्हणजे सर्टबॉट. तो आणि त्याचा अपाची प्लगइन बसवा, फायरवॉलमध्ये ८० (साधं एचटीटीपी) आणि ४४३ (एचटीटीपीएस) ही दोन्ही पोर्ट उघडा. ८० बंद केलात तर डोमेन तुमचंच आहे याची नेहमीची पडताळणीच होत नाही. मग प्रत्येक साइटसाठी वेगळी आज्ञा: सुडो सर्टबॉट --अपाची -डी संत्रा.एक्झाम्पल -डी डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू.संत्रा.एक्झाम्पल. तिन्ही नावं एकाच प्रमाणपत्रात कोंबू नका. उद्या एका गिऱ्हाइकाने डोमेन हलवलं की तिघांचं नूतनीकरण अडेल. लेट्स एन्क्रिप्टचं नेहमीचं प्रमाणपत्र ९० दिवसांचं असतं, नूतनीकरण सर्टबॉट आपोआप करतो. सुडो सर्टबॉट रिन्यू --ड्राय-रन करून एकदा खात्री करा.

इथे पहिल्या दाराचा खेळ पुन्हा होतो. समजा क्लासेस आणि संत्र्याचं प्रमाणपत्र झालं, सावजीचं राहिलं. कोणी सावजीचा पत्ता एचटीटीपीएसने उघडला तर ४४३ वर ते नावच नाही. अपाची पहिली साइट पुढे करतो, ब्राउझर क्लासेसचं प्रमाणपत्र बघून लाल इशारा देतो आणि तरीही पुढे गेलेल्याला थाळीऐवजी बॅचचं वेळापत्रक दिसतं. सर्टबॉटचा यात दोष नाही, सावजीचं प्रमाणपत्र घ्या.

पीएचपी असेल तर

पीएचपी ही वर्डप्रेससारख्या साइट चालवणारी भाषा. वर्डप्रेसच्या साइट एकाच पीएचपी वापरकर्त्याखाली चालवल्या तर एकीत घुसलेला तिघींच्या फाइली वाचतो. पीएचपी-एफपीएममध्ये (अपाचीसाठी पीएचपी चालवणाऱ्या प्रोग्राममध्ये) प्रत्येक साइटचा वेगळा पूल, म्हणजे प्रक्रियांचा गट, आणि वेगळा लिनक्स वापरकर्ता करा. उबंटू २४.०४ वर पूलच्या फाइली /ईटीसी/पीएचपी/८.३/एफपीएम/पूल.डी/ मध्ये असतात. एक प्रक्रिया ५० एमबी खाते असं धरलं तर पीएम.मॅक्स_चिल्ड्रन (एका पूलमधल्या प्रक्रियांची कमाल संख्या) ५ ठेवल्यावर तीन पूल मिळून ७५० एमबी होतात; २ जीबीत डेटाबेसला जागा उरते. हा आकडा २० केलात की गर्दीच्या दिवशी मेमरी संपते आणि कर्नल (लिनक्सचा गाभा) बहुधा डेटाबेसलाच मारतो.

गिऱ्हाईक सोडून गेलं तर

क्रम चुकवू नका. आधी ए२डिससाइटने (ए२एनसाइटच्या उलट, साइट बंद करणारी आज्ञा) साध्या फाइलीसोबत सर्टबॉटने बनवलेली ‘-एलई-एसएसएल’ शेपटाची फाइलही बंद करा, कॉन्फिगटेस्ट, रीलोड. मग सुडो सर्टबॉट डिलीट. उलट केलंत तर चालू फाइल नसलेल्या प्रमाणपत्राकडे बोट दाखवत राहते. त्या दिवशी काही बिघडत नाही. रात्री वीज जाऊन मशीन पुन्हा सुरू झालं की अपाची उठतच नाही, आणि गेलेल्या गिऱ्हाइकापायी राहिलेल्या दोघांच्या साइट बंद पडतात.