बिज्याचं चित्र काढताय? या चुका टाळा

बिजा (बिबळा) या जंगली झाडाचं लाकूड टिकाऊ, म्हणून त्यावर कुऱ्हाड आधी पडते. लाल डिंकासाठी साल खाचतात ती वेगळीच. निसर्ग संवर्धनासाठी काम करणाऱ्या आययूसीएन या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या यादीत हे झाड 'संकटासमीप', म्हणजे धोक्याच्या उंबरठ्यावर आहे. मेळघाट असो की गडचिरोली, ग्रामसभेला आपल्या जंगलातला बिजा राखायचा तर आधी तो सगळ्यांना ओळखता यायला हवा. चित्राचं खरं काम हेच. भिंतीवर शोभून दिसणं त्यानंतर.

सगळ्यात जास्त चूक पानात होते. हात सवयीने कडुनिंबासारख्या समोरासमोर पर्णिका (एका पानातली छोटी पानं) काढत जातो. बिज्याच्या एका पानात साधारण 5 ते 7 पर्णिका असतात आणि त्या एकाआड एक लागतात. पर्णिकेच्या टोकाला बारीक खाच असते. ती विसरून टोक अणकुचीदार काढलं, की झाडच बदललं.

एवढं जमलं तरी घोटाळा उरतोच, कारण शिसवाच्या पर्णिकाही एकाआड एकच असतात. शिसवाची पर्णिका गोलसर, बिज्याची लांबट. खात्री होते ती शेंगेवरून. शिसवाची शेंग पातळ, पट्टीसारखी. बिज्याची चपटी, गोल, सुमारे 5 सेंटिमीटरची. मधे फुगीर बी आणि भोवती पातळ पंख. म्हणून शेंगेशिवाय चित्र पूर्ण समजू नका.

आता अडचण अशी, की पिवळी फुलं आणि पिकलेली शेंग एका वेळी मिळत नाहीत. मग लोक इंटरनेटवरचा फोटो पाहून उरलेलं भरतात. असं करू नका. कागदावर जागा सोडा, हंगाम आला की त्याच झाडाकडे परत जा. या झाडाला शास्त्रीय नाव देणारे वनस्पतिशास्त्रज्ञ विल्यम रॉक्सबर्ग यांच्यासाठी 18व्या शतकाच्या अखेरीस झाडांची चित्रं भारतीय चित्रकारांनीच काढली होती. हे काम आपल्याकडे नवं नाही, आणि ते आपल्या गावातल्या मुलांच्या हातून व्हावं असं मला मनापासून वाटतं.

फुलाचा रंग आधी टिपून घ्या, ते लवकर कोमेजतं. फांदी तोडू नका, खाली पडलेली डहाळी ओल्या फडक्यात गुंडाळून आणा. लाल डिंक दाखवायला सालीवर घाव तर मुळीच घालू नका. जुन्या जखमेवर वाळलेला डिंक सापडतो, तोच रंगवा.

खरा आकार कळावा म्हणून काढायची मापाची रेघ बहुतेक चित्रांत नसते. फूल मोठं करून काढलं असेल तर किती पट, ते बाजूला लिहा. रोपाचं चित्र वेगळं काढा, कारण वणव्यातून आणि चराईतून वाचवायचं असतं ते रोपच.

सार्वजनिक फलकावर मोठ्या झाडाचा नेमका ठिकाणा लिहू नका, लाकूडचोरालाही वाचता येतं. मूळ चित्र स्कॅन करून घ्या, उन्हात जलरंग उडतात. एक प्रत गावाच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीला द्या आणि गावातल्या झाडा-प्राण्यांची नोंद ठेवणाऱ्या लोक जैवविविधता नोंदवहीत बिज्याच्या नोंदीसोबत लावायला सांगा. खाली तारीख, काढणाऱ्याचं नाव आणि गावात झाडाला म्हणतात ते नाव असू द्या, गोंडी किंवा कोरकूतलंसुद्धा.