मेंदूच्या रक्तवाहिन्या जपताना या चुका टाळा

‘विसरायला लागलं की बघू’ ही सगळ्यांत महागात पडणारी चूक. मेंदूचं वजन शरीराच्या जेमतेम 2 टक्के, पण ऑक्सिजन तो सुमारे 20 टक्के वापरतो. त्याच्या खोल भागाला रक्त पुरवणाऱ्या धमन्या अतिशय बारीक असतात. बीपी वर्षानुवर्षं चढं राहिलं की त्यांच्या भिंती जाड नि ताठर होतात, वाट अरुंद होते आणि आतल्या पांढऱ्या भागातल्या तंतूंना रक्त कमी पडतं. दुखत काहीच नाही. आधी मंदावतो विचारांचा वेग: हिशेब, कामाची आखणी. विसराळूपणा बऱ्याचदा नंतर दिसतो, म्हणून ‘वय झालं’ म्हणत वेळ जातो. खरी काळजी चाळिशी-पन्नाशीतच घ्यायला हवी.

बीपी मोजतानाही फार चुका होतात. शर्टाच्या बाहीवरून पट्टा बांधणं, हात खाली लोंबता ठेवणं, पायावर पाय टाकणं, मोजताना बोलणं. यांतल्या कशानेही आकडा बदलतो. दंडाला लहान पडणारा पट्टा तर आकडा खोटाच वाढवतो. आधी अर्धा तास चहा, कॉफी, धूम्रपान, व्यायाम नको. लघवीला जाऊन या, पाठ टेकून 5 मिनिटं शांत बसा, पट्टा उघड्या दंडावर हृदयाच्या पातळीत ठेवा. एका मिनिटाच्या अंतराने दोनदा, सकाळ-संध्याकाळ, 7 दिवस मोजा. पहिला दिवस सोडून सरासरी काढा. घरी ती 135/85 किंवा जास्त भरली, तर वही घेऊन डॉक्टरांकडे जा. नाडी अनियमित लागत असेल तर तेही सांगा. त्यामागे हृदयाच्या तालाचा बिघाड असू शकतो. त्यात गुठळी होऊन मेंदूत जाण्याचा धोका असतो, आणि यंत्राचा आकडाही तेव्हा पुरता भरवशाचा नसतो.

आकडा नॉर्मल आला म्हणून गोळी बंद करू नका. तो गोळीमुळेच नॉर्मल आहे. उभं राहिल्यावर चक्कर येत असेल तर मात्र उभं राहून 1 आणि 3 मिनिटांनी पुन्हा मोजा. वरचा आकडा 20 ने किंवा खालचा 10 ने उतरत असेल, तर औषध बदलायचं का ते डॉक्टर ठरवतील.

मेंदूसाठी म्हणून मनानेच रोज ॲस्पिरिन घेऊ नका. 70 च्या पुढच्या निरोगी लोकांवरच्या मोठ्या चाचणीत, 2018 साली, त्याने डिमेन्शिया (स्मृती नि विचारशक्ती ढासळण्याचा आजार) टळला नाही, रक्तस्राव मात्र वाढले.

आणि तोंड वाकडं होणं, एक हात लुळा पडणं, बोबडं बोलणं हे 10 मिनिटांत थांबलं, तरी ‘गेलं बाबा’ म्हणून घरी बसू नका. लगेच रुग्णालय गाठा. पक्षाघाताचा मोठा झटका पुढच्या 48 तासांत येण्याचा धोका सर्वाधिक असतो.