प्रत्येक लाल गाडी फेरारी नसते: रस्त्यावर स्पोर्ट्स कार ओळखताना या चुका टाळा

रविवारची सकाळ, पावणेसात. वरळी सी फेसच्या कठड्यावर मी आणि भाचा, हातात कटिंग. मागून आवाज आला, मान वळेपर्यंत पांढरी पोर्शे पुढे निघून गेली होती. पाठीवर हा एवढा विंग.

"मामा, जीटी थ्री!"

"चाकं बघितलीस?"

"काळी होती."

"रंग नाही विचारत. मधे एकच मोठा नट होता की पाच बोल्ट?"

गप्प. गाडी सिग्नलला अडकली होती, तो पळत गेला आणि तोंड पाडून परत आला. पाच बोल्ट. म्हणजे पोर्शे ९११ ची शर्यतीच्या ट्रॅकसाठी बनवलेली जीटी थ्री नव्हे, त्याच ९११ ची साधी कॅरेरा, वर बाहेरून बसवून घेतलेला विंग. (दोन कोटींच्या घरातल्या गाडीला आम्ही "साधी" म्हणतो, हा या छंदाचा दोष.) ९११ च्या ९९१ आणि ९९२ या पिढ्यांच्या जीटी थ्रीला चाकाच्या मधोमध एकच सेंटर लॉक असतो. उलटं मात्र खरं नाही: सेंटर लॉक दिसला म्हणजे जीटी थ्रीच असं नाही, ९११ च्याच टर्बो एसलाही तो असतो. टर्बो वेगळी काढायची तर मागच्या चाकाच्या पुढे, बाजूच्या पत्र्यात हवा घ्यायचं तोंड आहे का ते बघायचं. आणि जीटी थ्री टूरिंगला तर उभा विंगच नसतो, त्यामुळे नुसत्या विंगवर पैज लावणारा दोन्हीकडून हरतो.

त्याला हसायचा मला अधिकार नाही. रस्त्यावर दिसलेल्या गाड्या मी वहीत लिहून ठेवतो, तिची पहिल्या वर्षाची निम्मी पानं खोडलेली आहेत. का खोडली, तेच पुढे लिहितोय.

बिल्ला वाचून मोकळं होणं

सगळ्यात जास्त फसवणूक इथे होते. बीएमडब्ल्यूच्या बाजूच्या पत्र्यावर छोटासा 'एम' दिसला की पोरं "एम थ्री, एम थ्री" करतात. बहुतेक वेळा ती एम थ्री, म्हणजे थ्री सिरीजची खास वेगवान गाडी, नसतेच; एम स्पोर्ट पॅकेजवाली डिझेल थ्री सिरीज असते. बंपर आणि स्टिअरिंग स्पोर्टी, इंजिन तेच. मर्सिडीजची एएमजी लाइन आणि ऑडीची एस लाइन ही त्याच जातीची. खऱ्या एम थ्रीला मागे चार गोल सायलेन्सर दिसतात आणि आरसे दोन दांड्यांवर उभे असतात. मधल्या पायरीवर एम३४०आय आहे. तिला पूर्ण एम म्हणता येत नाही, पण तीन लिटरचं सहा सिलिंडरी इंजिन आणि शून्यापासून ताशी शंभर किमीला ४.४ सेकंद. तिला "नुसती एम स्पोर्ट" म्हणालात तर मालक चहा पाजणार नाही.

'टर्बो' हा शब्द तर पोर्शेने पार बिघडवून ठेवलाय. २०१५ च्या शेवटी आलेल्या बदलानंतर साध्या ९११ कॅरेरालाही टर्बोचार्जर (इंजिनात जास्त हवा कोंबणारे पंप) आहेत, पण तिला टर्बो म्हणायचं नाही. आणि टायकान टर्बो ही पूर्ण विजेवर चालते, तिच्यात टर्बोचार्जर औषधालाही नाही. बिल्ला म्हणजे किमतीची पायरी, एवढंच समजायचं.

उलटी चूक, म्हणजे खास गाडीला साधी समजणं, जास्त लागते. फोक्सवॅगनने २०१६ मध्ये पोलो जीटीआय भारतात आणली, फक्त ९९ गाड्या. तीन दरवाजे, १.८ लिटर, १९२ पीएस (इंजिनाच्या ताकदीचं एकक). चाकणला बनलेल्या हजारो पोलोंमध्ये ती चटकन कळत नाही. कोथरूडच्या एका पेट्रोल पंपावर मी पिवळ्या फोर्ड मस्टँगचे वीसेक फोटो काढत होतो. घरी येऊन बघतो तर एका फोटोच्या कडेला, हवा भरायच्या नळीजवळ, लांबच लांब दरवाजाची लाल पोलो. मागचा दरवाजा नाहीच. मस्टँग नंतर पुष्कळ दिसल्या. ती पोलो पुन्हा नाही.

रंगावरून ठरवणं

सचिनने २००२ मध्ये ब्रॅडमनच्या २९ शतकांची बरोबरी केली, त्याला लाल फेरारी ३६० मॉडेना मिळाली, तिच्या आयात करावरून केवढा गदारोळ झाला. तेव्हापासून मुंबईत बुटकी लाल गाडी म्हणजे फेरारी. आता रॅपिंगचा, म्हणजे गाडीवर रंगीत फिल्म चिकटवून घ्यायचा जमाना आहे. मागच्या महिन्यात हिरवी दिसलेली लॅम्बोर्गिनी हुराकान या महिन्यात मॅट राखाडी होऊन येते आणि वहीत दोन वेगळ्या गाड्या म्हणून चढते. (रंग बदलला तर आरसीवर नोंद करावी लागते, ते किती जण करतात ते सोडा.) रंग लिहा, पण शेवटी लिहा.

तोंड बघत बसणं

आवाज ऐकून मान वळते तेव्हा गाडी पुढे गेलेली असते. तुमच्या वाट्याला येते ती पाठ, तीही दोन-तीन सेकंद. म्हणून पाठ केलीच पाहिजे ती पाठच.

फेरारीचं सोपं आहे. मधोमध तीन सायलेन्सर एका ओळीत, तर ४५८ इटालिया. दोन, एकमेकांपासून लांब, तर ४८८. शिवाय तिच्या दरवाजामागे दुभंगलेलं मोठं हवेचं तोंड असतं, ते ४५८ ला नाही. प्रत्येक बाजूला एकाऐवजी दोन गोल दिवे दिसले, तर एफ८ ट्रिब्युटो. हुराकानमध्ये सुरुवातीच्या एलपी ६१०-४ ला खाली चार नळ्या, २०१९ च्या इव्होला वर, नंबरप्लेटच्या उंचीला, दोन मोठ्या. ९११ ला मागे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत लाल दिव्याची पट्टी नसेल तर ती ९९२ नाही, त्याआधीची आहे. पट्टी असली तरी घाई नको, ९९१ च्या चारही चाकांना जोर मिळणाऱ्या (फोर-व्हील ड्राइव्ह) गाड्यांनाही ती होती.

पोर्शेच्याच केमनला ९११ समजणं ही आमच्याकडची नेहमीची चूक. केमनचं इंजिन मधे, म्हणून मागच्या चाकापुढे हवेचं तोंड असतं. साध्या कॅरेराला ते नसतं.

आणि एखादी बुटकी गाडी कशातच बसली नाही, तर एकदा डीसी अवंती आठवून बघा. २०१२ च्या दिल्ली ऑटो एक्स्पोत आलेली, दोन लिटरच्या रेनॉ इंजिनाची देशी गाडी. तिला लॅम्बोर्गिनी समजून सेल्फी काढणारे अजून भेटतात. मला तिची लाज वाटत नाही, उलट वहीत तिला वेगळं पान आहे.

कानावर फाजील भरवसा

कान उपयोगी आहेत, साक्षीदार म्हणून कच्चे. मस्टँगचा व्ही८ (आठ सिलिंडरी इंजिन) खालच्या पट्टीत गुरगुरतो, फेरारीचा व्ही८ किंचाळतो. दोघांच्या क्रँकशाफ्टची, म्हणजे पिस्टन फिरवतात त्या दांड्याची, रचनाच निराळी. एवढा फरक आठवड्याभरात कळायला लागतो. पण हुराकान आणि ऑडी आर८ यांचं ५.२ लिटरचं व्ही१० एकाच घरातलं, पाठमोरं उभं राहून दोघी वेगळ्या सांगणारा मला अजून भेटलेला नाही. मर्सिडीजची सी ६३ तर कानाला चकवाच: आधी ६.२ लिटरचा व्ही८, मग ४ लिटरचा टर्बोवाला, आणि त्यानंतर दोन लिटरचं चार सिलिंडरी हायब्रिड. आणि फटफट फटाके वाजले तर आधी बघा, रिमॅप केलेली (इंजिनाचं सॉफ्टवेअर बदललेली) स्कोडा ऑक्टाव्हिया असेल.

नंबरप्लेटवरून गाव काढणं

पीवाय दिसलं म्हणून मालक पाँडिचेरीचा नसतो. महागड्या गाड्या कर कमी असलेल्या ठिकाणी नोंदवल्या जातात. महाराष्ट्रात एकरकमी वाहनकराची कमाल मर्यादा जुलै २०२५ पासून २० लाखांवरून ३० लाख झाली आहे, यावरून अंदाज करा. पाटीचा रंग जास्त बोलका. लाल पाटीवर पांढरी अक्षरं म्हणजे डीलरकडची गाडी. पिवळ्यावर लाल म्हणजे तात्पुरती नोंदणी. काळ्यावर पिवळी म्हणजे भाड्याने चालवायला घेतलेली, तेव्हा आतल्या माणसाला "मालक" म्हणून सलाम ठोकू नका.

कागदावरची कुस्ती

तुलना करताना एकक बघत नाहीत, आणि भांडण पेटतं. हुराकानच्या नावातले ६१० हे पीएस आहेत, बीएचपी या दुसऱ्या एककात ते ६०२ होतात. मॅकलारेन ७२०एस म्हणजे ७१० बीएचपी. एकीचे पीएस आणि दुसरीचे बीएचपी शेजारी ठेवले की आठ-दहा घोडे फुकटचे पळतात. किमतीचंही तसंच, एकीची एक्स-शोरूम आणि दुसरीची ऑन-रोड.

शिवाय शंभरला २.७ सेकंद की ३.४, हे सी लिंकच्या ८० च्या मर्यादेत कोण तपासणार? मी आता स्पीडब्रेकरपाशी उभा राहतो. एक गाडी बटण दाबून नाक वर उचलते आणि सरळ निघून जाते. दुसरी नाक खाली, म्हणून चालक गाडी तिरकी घेतो, एकेक चाक चढवतो, मागे रिक्षावाले हॉर्न मारतात, आणि शेवटी खालून खर्रर्र होतंच. आपल्या रस्त्यांवर कुठली गाडी चांगली, ते इथे कळतं.

उभं कुठे राहायचं

सी लिंक, कोस्टल रोड आणि मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, तिन्हीकडे दुचाकीला बंदी आहे, आणि सी लिंकवर गाडी थांबवून फोटो काढायलाही. फुटपाथ पुरतो. मोबाइल हेडलाइटच्या उंचीला धरा, झूम करू नका. फोटो टाकताना नंबर पुसा, आणि गाडी बिल्डिंगच्या गेटात शिरतानाचा फोटो तर टाकूच नका. बॉनेट उघडून दाखवणारा माणूस पुढच्या वेळी काच खाली करत नाही, ते अशाच एखाद्या फोटोमुळे.

जून ते सप्टेंबर या गाड्या फारशा बाहेर पडत नाहीत. त्या दिवसांत आम्ही मामा-भाचे जुने फोटो मोठे करून वहीत खोडाखोड करतो. मागच्या रविवारी त्याने माझी एक ४८८ पकडली. तीन सायलेन्सर. वहीत आता ती ४५८ आहे, त्याच्या अक्षरात.