उद्या सकाळी ब्लड टेस्ट आहे? मग आज रात्रीच हे वाचा

बहुतेक लोकांना वाटतं की रक्त द्यायचं म्हणजे लॅबमध्ये जाऊन हात पुढे केला की झालं, पण रिपोर्ट बरोबर येणार की चुकीचा हे बरंचसं आदल्या रात्रीच ठरतं, आणि चुकीच्या रिपोर्टवरून गोळीचा डोस बदलला तर त्रास पेशंटलाच होतो. म्हणून घरात आईबाबा, आजीआजोबा असतील तर त्यांना हे नीट समजावून सांगा, लॅबवाला फोनवर फक्त "उपाशीपोटी या" एवढंच सांगतो.

फास्टिंग शुगरसाठी कमीत कमी ८ तास पोटात काही नको. सोबत लिपिड प्रोफाइल (कोलेस्टेरॉल वगैरे चरबीची टेस्ट) पण असेल तर १० ते १२ तास धरा, म्हणजे रात्री ९ ला जेवलात तर सकाळी ७-८ ला सॅम्पल. फक्त साधं पाणी चालतं, आणि ते प्याच, पाणी कमी पडलं की शीर सापडत नाही आणि विनाकारण दोनदा टोचावं लागतं. बिनसाखरेचा चहा चालेल का हे सगळेच विचारतात, नाही चालत. आपल्याकडे उपवासाला जे चालतं, म्हणजे चहा, केळं, दूध, शेंगदाणे, त्यातलं काहीही इथे चालत नाही. सिगरेट, तंबाखू, मिश्री पण सॅम्पल होईपर्यंत नको. आणि रिपोर्ट चांगला यावा म्हणून आदल्या संध्याकाळपासूनच उपाशी राहणारे पण आहेत, तसं करू नका, १४ तासांच्या वर उपाशी राहिलं की त्यानेही आकडे बदलतात. नुसती एचबीएवनसी (तीन महिन्यांच्या सरासरी शुगरची टेस्ट) किंवा सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) असेल तर उपाशी राहायची गरजच नाही, वयस्कर माणसाला उगाच ताटकळत ठेवू नका.

सगळ्यात जास्त गोंधळ पीपी शुगरचा, म्हणजे खाल्ल्यावर दोन तासांनी तपासायच्या शुगरचा होतो. दोन तास मोजायचे ते पहिला घास खाल्ल्यापासून, जेवण संपल्यापासून नाही. घड्याळ बघून वेळ लिहून ठेवा. आणि खायचं ते रोजचंच, रोज दोन पोळ्या-भाजी खाणारा माणूस त्या दिवशी चार चमचे उपमा खाऊन येतो, मग रिपोर्ट छान दिसतो पण डॉक्टरांना खरी परिस्थिती कळतच नाही. डायबिटीसची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर डॉक्टरांनी वेगळं सांगितलं नसेल तोपर्यंत ते त्या खाण्याबरोबर नेहमीसारखंच घ्यायचं, कारण औषध चालू असताना शुगर किती राहते तेच तर बघायचं असतं. मधल्या दोन तासांत परत काही खायचं नाही, फेऱ्या मारायच्या नाहीत.

मात्र हे लक्षात ठेवा, फास्टिंग सॅम्पलच्या आधी शुगरची गोळी किंवा जेवणाचं इन्सुलिन रिकाम्या पोटी घेऊ नका, शुगर एकदम खाली जाऊ शकते. गोळ्या आणि डबा सोबत न्या. रात्रीचं इन्सुलिन घेत असाल तर त्याचं डॉक्टरांना आधी विचारून ठेवा. आणि लाइनमध्ये उभं असताना घाम फुटला, थरथरलं, तर टेस्ट राहू दे, लगेच साखर खा, टेस्ट उद्या होईल. बीपीची गोळी शक्यतो बंद करायची नसते, घोटभर पाण्याबरोबर घ्या.

थायरॉइडचं उलट आहे, आधी रक्त द्यायचं मग गोळी घ्यायची, कारण गोळीनंतर काही तास टी-४ (थायरॉइडचं हार्मोन) वाढलेला दिसतो. आणि केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेत असाल तर आवर्जून सांगा, काही मशीनवर त्यामुळे थायरॉइडचा रिपोर्ट साफ चुकतो, काहीच नसताना थायरॉइड वाढल्यासारखा दिसतो. डॉक्टरांना विचारून निदान दोन दिवस आधी बंद ठेवा. आदल्या दिवशी जिममध्ये जोरात व्यायाम किंवा दारू पण नको, लिव्हरचे आणि ट्रायग्लिसराइडचे (रक्तातल्या चरबीचे) आकडे वर जातात.

लघवीच्या टेस्टला पहिली थोडी धार सोडून मधली धरायची. कल्चर (लघवीत जंतू आहेत का ते बघायची टेस्ट) असेल तर डबी लॅबकडूनच घ्या, झाकणाच्या आत बोट लावू नका, आणि अँटिबायोटिक सुरू करायच्या आधी सॅम्पल द्या. बायकांनी पाळी चालू असेल तर तसं सांगायचं, त्यात लाजण्यासारखं काही नाही. २४ तासांची लघवी सांगितली असेल तर सकाळची पहिली टाकून द्यायची, वेळ लिहायची, मग दिवसभराची आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळेची पकडून सगळी कॅनमध्ये, एकदा जरी विसरलात तरी परत पहिल्यापासून करावं लागतं.

त्याच दिवशी पोटाची सोनोग्राफी पण असेल तर क्रम असा ठेवा, आधी फास्टिंगचं रक्त, मग पाणी पिऊन लघवी तुंबवून सोनोग्राफी, आणि त्यानंतर खाऊन पीपी. आधी खाल्लंत तर पित्ताशय आकसतं आणि त्यातले खडे नीट दिसत नाहीत.

लॅबमध्ये पोचलात की पाच-दहा मिनिटं शांत बसा. मूठ सारखी आवळू-सोडू नका, त्याने पोटॅशियम खोटं वाढतं. सलाइन चालू असलेल्या हातातून रक्त काढू देऊ नका, स्तनाचं ऑपरेशन होऊन काखेतल्या गाठी काढल्या असतील तर त्या बाजूचा हात पण नको म्हणून सांगा. रक्त बघून चक्कर येत असेल तर झोपून द्या. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर ते आधीच सांगा आणि कापूस जास्त वेळ दाबून धरा, कोपर न दुमडता हात सरळ ठेवून. आणि चुकून सकाळी चहा घेतलाच असेल तर लपवू नका, टेक्निशियनला सांगा, त्यातल्या ज्यांना उपाशी राहावं लागत नाही त्या टेस्ट आज होतील, बाकीच्यांना उद्या परत या. निघायच्या आधी ट्यूबवर नाव आणि वय तुमच्यासमोर लिहिलंय किंवा चिकटवलंय ना तेवढं बघून घ्या.