इंग्रज आणि अमेरिकन कलीग लढायांवरून एकमेकांची खेचून राहिले तर आपण काय करावं

अचलपूर-परतवाड्याकडेही आता घरून काम करणारे बरेच झाले, आणि टीममध्ये एक इंग्लंडचा अन एक अमेरिकेचा असला की जुलै लागल्याबरोबर यांचं सुरू होते. ४ जुलैले, म्हणजे अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनी, इंग्रज म्हणते "गद्दारी दिनाच्या शुभेच्छा", अमेरिकन म्हणते "चहा कुठं बुडवला होता, विसरला का बे". आपली पोरं तेव्हा म्यूट करून बसतात नाहीतर उगाच हसायची इमोजी टाकतात. तसं नका करू राजेहो, यात बम मजा आहे, फक्त थोडी तयारी लागते.

आधी हे समजून घ्या की हे भांडण नोय. मांडवात व्याही व्याह्याची खेचते ना, तसला प्रकार आहे, म्हणजे दोघांले माहीत आहे की सोयरीक काही तुटत नाही. म्हणून दोनशे वर्षांपूर्वीच्या लढाया बिनधास्त काढजा, पण इराक-अफगाणिस्तानवर जोक नको, कोणाचा भाऊ तिथं जाऊन आला आपल्याले काय माहीत.

टोमणे ठरलेले असतात, तेवढे पाठ करून ठेवले की झालं.

चहावालं सोपं आहे. १६ डिसेंबर १७७३ ले अमेरिकनांनी इंग्रजांच्या कराच्या रागात बोस्टनच्या बंदरात चहाच्या ३४२ पेट्या पाण्यात फेकल्या, चहा चीनचा होता पण मालक ईस्ट इंडिया कंपनी, म्हणजे आपलीच जुनी ओळख. इथं हळूच म्हणायचं, "तुमचं बरं झालं भाऊ, आमच्याकडं ते कंपनीवाले १८५८ पर्यंत बसून होते." दोघंही हसतात, अन तुम्ही गप्पात घुसले.

मग येते यॉर्कटाउन, अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात इंग्रज जिथं शरण आले ते. १९ ऑक्टोबर १७८१. अमेरिकन म्हणणार आम्ही हरवलं, इंग्रज म्हणणार तुम्ही कायचं, फ्रेंचांनी हरवलं. इंग्रजाचं बोलणं अगदीच खोटं नाही, कारण जमिनीवर रोशांबोची फ्रेंच फौज होती अन समुद्रात द ग्रासचं आरमार आडवं उभं होतं, त्याच्यानं इंग्रजांले पळायले वाटच नाही राहिली. पण खरी मजा शरणागतीच्या दिवसाची आहे, ती सावकाश सांगजा. इंग्रजांचा सेनापती लॉर्ड कॉर्नवॉलिसनं तब्येत बरी नाही म्हणून कळवलं अन आपल्या जागी ओहारा नावाच्या ब्रिगेडियरले धाडलं. तो गेला आधी फ्रेंच जनरलकडं. रोशांबोनं अमेरिकन सेनापती वॉशिंग्टनकडं बोट दाखवलं. वॉशिंग्टननं पाहिलं की समोर दोन नंबरचा माणूस आला, तर त्यानंही आपल्या दोन नंबरच्या लिंकनकडं वळवून दिलं. सरकारी ऑफिसात एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर, तेच.

आणि हे साहेब हरून घरी नाही बसले, १७८६ मध्ये गव्हर्नर जनरल होऊन आपल्याकडं आले. १७९२ मध्ये टिपूले तह करायले लावला तो यांनीच, अन तेव्हा मराठे अन निजाम यांच्याच बाजूनं होते, म्हणून इथं आपण फार छाती काढायची नाही.

अमेरिकन जास्त उड्या मारून राहिला तर इंग्रज व्हाइट हाउस काढते. २४ ऑगस्ट १८१४ ले इंग्रज वॉशिंग्टन शहरात घुसले, राष्ट्राध्यक्षाच्या घरी ताटं मांडलेली होती, ते जेवण खाल्लं अन मग घर पेटवलं. अमेरिकनचं उत्तर त्याच युद्धातलं न्यू ऑर्लिन्स. ८ जानेवारी १८१५ ले अँड्र्यू जॅक्सननं इंग्रजांचा चुराडा केला, पण तहावर सह्या २४ डिसेंबरलेच होऊन गेल्या होत्या, फक्त बातमी पोचली नव्हती. (कॅनडावाला कॉलवर असला तर म्हणेल व्हाइट हाउस आम्ही जाळलं. ते युरोपहून आलेले इंग्रज शिपाई होते, पण त्याले म्हणू द्या, वाद नका घालू.)

आता आपला हुकमाचा पत्ता. न्यू ऑर्लिन्सले जो इंग्रज सेनापती मेला तो एडवर्ड पॅकेनहॅम, ड्यूक ऑफ वेलिंग्टनचा साळा. अन वॉटर्लूले नेपोलियनले हरवणारा वेलिंग्टन म्हणजे कोण, तर आर्थर वेलस्ली, ज्यानं २९ नोव्हेंबर १८०३ ले अडगावले नागपूरकर भोसल्यांची फौज हरवली अन १५ डिसेंबरले गाविलगड घेतला. उत्तरेकडून डोंगरातून तोफा ओढत नेल्या, भिंत फोडली, अन दोन दिवसांत देवगावचा तह. चिखलदऱ्याले गेलो की आपण ज्या दरवाजापुढं सेल्फी काढतो तोच हा किल्ला. स्क्रीन शेअर करून एखादा फोटो दाखवून द्या, इंग्रजाले बहुतेक वॉटर्लूच माहीत असते.

महायुद्धाचा विषय मात्र लवकर आटपा, तो चिघळते. इंग्रज म्हणते तुम्ही दोन्ही वेळा उशिरा आले, १९१४ चं युद्ध अन तुम्ही १९१७ मध्ये, १९३९ चं अन तुम्ही डिसेंबर १९४१ मध्ये. अमेरिकन म्हणते आम्ही नसतो तर तुम्ही जर्मन बोलत असते, अन वरून १९४६ च्या कर्जाचा शेवटचा हप्ता तुम्ही २००६ मध्ये फेडला. तुम्ही फक्त एवढं म्हणा की दुसऱ्या महायुद्धात आमचे पंचवीस लाख शिपाई होते, बस, भाषण नको.

तापलं असं वाटलं तर डुकराचा किस्सा काढायचा. १८५९, सॅन वान बेट, अमेरिका अन ब्रिटिश कॅनडाच्या मधात, दोघंही म्हणत आमचं. इंग्रजांच्या हडसन बे कंपनीचं डुक्कर एका अमेरिकन शेतकऱ्याच्या बटाट्यात घुसलं, त्यानं गोळी घातली. पैशावरून वाद झाला, तिकडून फौज आली, इकडून आरमार आलं, अन मेलं कोण तर एकटं डुक्कर. पुढं बारा वर्षं दोन्ही छावण्या त्याच बेटावर, शेवटी १८७२ मध्ये पंच म्हणून जर्मनीच्या कैसरनं बेट अमेरिकेले देऊन टाकलं. यावर दोघंही हसतात. मग ते विचारतीलच की तुमच्याकडं डुकरं शेतात येतात का, तर हरभऱ्याचं काय होते ते सांगजा, पण मॅनेजर कॉलवर आहे का आधी पाहून घेजा.